ट्राउटला फसवणारं पीस

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. आपल्याला तो बघायचा तर काश्मीरची लिद्दर किंवा हिमाचलची तीर्थन गाठावी लागते, आणि तिथेही तो इंग्रजांनीच आणून सोडलेला. गळावर दोऱ्याने पिसं वगैरे बांधून पाण्यावर तरंगणारा खोटा किडा, म्हणजे ‘ड्राय फ्लाय’, करायची आणि ट्राउटला गळाला लावायचं, हे तंत्र रुजलं ते इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये, टेस्ट आणि इचेन या नितळ नद्यांवर. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ मध्ये अशा फ्लाय बांधण्यावर पुस्तकच काढलं. खोटा किडा खऱ्याशी रंगारूपाने तंतोतंत जुळायला हवा, असा त्यांचा आग्रह. मला तो अर्धाच पटतो. किड्याचा रंग दिसण्याच्या कितीतरी आधी माशाला दिसतात ते पाण्यावर पडलेले खळगे.

याचं कारण प्रकाशाचं वक्रीभवन. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीत, सुमारे ९७ अंशांच्या शंकूत मावलेलं दिसतं. मासा ३० सेंटीमीटर खोल असेल, तर ही खिडकी साधारण ६८ सेंटीमीटर रुंद. तिच्याबाहेर पूर्ण आंतरिक परावर्तन होतं, म्हणजे पृष्ठभागाचा आरसाच होतो आणि त्यात नदीचा तळ दिसतो. प्रवाहासोबत वाहत येणारा किडा आधी या आरशावर असतो. पाण्याच्या वर असलेलं त्याचं अंग तिथे दिसत नाही. पण पायांखाली पाणी जिथे दबलेलं असतं तिथे आरसा वाकतो आणि उजेडाचे ठिपके चमकतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लेटॉर्ट ओढ्याकाठी व्हिन्सेंट मारिनारो यांनी खास टाकी करून हे खालून न्याहाळलं होतं.

म्हणजे फ्लाय बांधणाऱ्याला पायांचे ते खळगे उमटवायचे असतात. त्यासाठी लागतं कोंबड्याच्या मानेवरचं किंवा पाठीवरचं पीस. कोंबडीचं चालत नाही. ते मऊ असतं, पाणी पितं. कोंबड्याच्या पिसाचे तंतू ताठ असतात. पीस गळाभोवती गुंडाळलं की ते चहूबाजूंनी उभे राहतात आणि त्यांची टोकं पाण्याच्या पृष्ठताणावर टेकतात. तंतूंची लांबी गळाच्या फटीच्या, म्हणजे दांडा आणि टोक यांमधल्या अंतराच्या, दीडपट ते दुप्पट असावी, असा बांधणाऱ्यांचा ठोकताळा आहे. या पिसांसाठी अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कोंबड्यांच्या खास जाती तयार केल्या आहेत. २०११ मध्ये तिथल्या मुलींमध्ये केसांत हीच पट्टेरी पिसं माळायची फॅशन आली, सलूनवाल्यांनी दुकानंच्या दुकानं रिकामी केली आणि बांधणारे हात चोळत बसले!

गळांच्या नंबरांचा हिशेब उलटा असतो. नंबर मोठा तितका गळ लहान. १८ नंबरच्या गळाचा दांडा जेमतेम अर्धा सेंटीमीटर. एवढ्याशा वस्तूला भौतिकशास्त्र मदत करतं. लांबी निम्मी केली की वजन आठव्या हिश्शावर येतं, पण पृष्ठताणाचा आधार फक्त निम्मा होतो, म्हणजे वजनाच्या मानाने तो चौपट वाढतो. गळाचं पोलाद पाण्याच्या जवळपास आठपट घन असूनही फ्लाय तरते ती यामुळे. मात्र पृष्ठताणाचा हा आधार कोरड्या, पाणी झटकणाऱ्या वस्तूलाच मिळतो. दोऱ्याचे चार वेढे जास्त पडले, अंगाला लोकर जाड झाली, की ती ओलावा धरते आणि फ्लाय बुडते. म्हणून लहान फ्लाय बांधणं म्हणजे मुख्यतः हात आवरणं. दोरा अगदी बारीक, शेपटीला चार-सहा तंतू, अंगाला चिमटीभर लव. गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे दोर ओवायच्या भोकामागे, जागा मोकळी ठेवायची, नाहीतर शेवटची गाठ डोळ्यावरच चढते.

निसर्गानेही हाच प्रश्न जवळपास असाच सोडवलाय. मेफ्लाय हा किडा पाण्यातून पंख घेऊन बाहेर येतो आणि पंख फुटल्यावरही पुन्हा एकदा कात टाकतो. असं करणारा आजच्या कीटकांमधला तो एकटाच गट. कात टाकण्याआधीच्या त्या धुरकट पंखांवर सूक्ष्म केसांची लव असते, तिच्यामुळे पाणी चिकटत नाही. त्याच अवस्थेत तो पृष्ठभागावर वाहत राहतो आणि ट्राउटच्या तोंडी पडतो.

हुबेहूबपणाच्या आग्रहाला सगळ्यात चांगलं उत्तर दिलं मिशिगनच्या लेनर्ड हॅलडे यांनी. १९२२ मध्ये त्यांनी चार्ल्स ॲडम्स या मित्रासाठी एक फ्लाय बांधली: राखाडी अंग, भोवती तपकिरी आणि पट्टेरी पिसं. कोणत्याही एका किड्याची ती नक्कल नाही. तरी बोर्डमन नदीवर ती चालली, आणि ‘ॲडम्स’ या नावाने आजही जगभर चालते.

एक मासा लागला की मात्र फ्लाय तरंगायची थांबते, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर पाणी धरून ठेवतो. मग ती खळबळून धुवायची, कापडात दाबायची आणि सिलिकाच्या भुकटीत हलवायची, की पिसाचे तंतू पुन्हा मोकळे होतात.