चिकटवून जपलेली कव्हरं

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना एक गोष्ट हटकून दिसते. आतली पानं बऱ्यापैकी शाबूत असतात, कव्हराची मात्र पार दशा झालेली असते. दोष दरवेळी हेळसांडीचा असतोच असं नाही. पुष्कळ कव्हरं जपण्याच्या नादातच गेली आहेत.

मुळात कव्हर जपायचं असतं ही कल्पनाच उशिराची. आपल्याकडे पोथी दोन फळ्यांमध्ये धरून बासनात बांधत, ती आतल्या मजकुरासाठी. इंग्लंडात 1820च्या दशकात प्रकाशक स्वतःच कापडी बांधणी करून पुस्तकं विकू लागले आणि ते कापड दुकानात मळू नये म्हणून वर साधा कागद आला. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात 1829चं असं एक वेष्टण आहे. रेशमी बांधणीच्या भेटपुस्तकाला चहूबाजूंनी गुंडाळून ते लाखेने बंद केलेलं होतं. वाचायचं तर आधी वेष्टण उघडायचं, आणि मग ते ठेवतो कोण? 1876 मध्ये ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’चा लेखक लुइस कॅरल याने मॅकमिलन या आपल्या प्रकाशकाला सुचवलं, की या कागदाच्या कण्यावरही पुस्तकाचं नाव छापा. म्हणजे पुस्तक कागदासकट दुकानात मांडता येईल आणि स्वच्छ राहील. तोवरही काळजी होती ती कागदाखालच्या बांधणीची.

विसाव्या शतकात या कागदावर चित्रं आली आणि उलटंच झालं. 1925च्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीचं फ्रान्सिस कुगॅटने रंगवलेलं जॅकेट, म्हणजे हेच वरचं सुटं कव्हर, पुस्तकापेक्षा किंचित उंच होतं, त्यामुळे वरची कड झिजून तुटायची. धडधाकट जॅकेट असलेली पहिल्या आवृत्तीची प्रत आज लिलावात लाख डॉलरच्या वर जाते. जॅकेट नसेल तर किमतीतलं एक शून्य तरी गळतं.

मराठीत चित्रकार दीनानाथ दलालांनी (1916–1971) मुखपृष्ठाला जी प्रतिष्ठा दिली, तिच्यामुळे आज लोक केवळ मुखपृष्ठासाठी जुनी प्रत शोधतात. पण तशी प्रत मिळणं कठीण, कारण आपली बरीच जुनी पुस्तकं ग्रंथालयांतून फिरून येतात. तिथली रीत ठरलेली: जॅकेट काढायचं, जाड पुठ्ठा, कापडी किंवा रेक्झिनची बांधणी, कण्यावर दाखल क्रमांक. पुस्तक शंभर घरांत जाऊन परत यायचं असेल तर दुसरं काय करणार? मी त्यांना दोष देणार नाही. बाइंडर खळीत मोरचूद घालायचा तेही कसर लागू नये म्हणूनच. चित्र मात्र रद्दीत गेलं.

घरोघरी खाकी कव्हर होतं. खाकी कागदात आम्ल असतं, तो हळूहळू खालचा कागद पिवळा करतो, म्हणून जाणकार त्याला नावं ठेवतात. पण उजेड अडवण्याचं काम तो चोख करतो. कण्यावरचा लाल रंग उन्हाने सगळ्यांत आधी उडतो. खाकी कव्हर सोडवलं की आत तोच लाल कधी कधी टवटवीत निघतो.

खरं नुकसान केलं ते चिकटपट्टीने. 1930 मध्ये अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रूने सेलोफेनची पारदर्शक पट्टी बाजारात आणली आणि फाटक्या कव्हरांवर घरगुती इलाज मिळाला. त्या पट्टीचा रबरी चिकटा काही वर्षांनी आधी मऊ पडतो आणि कागदात झिरपतो, मग तपकिरी होऊन वाळतो. अशी पट्टी कण्यावर पाहिली की कडेला नख लावून बघावं. सेलोफेन कडकन तुटून हातात येतं, खाली मधाळ रंगाचा पट्टा राहतो आणि त्यात अक्षरं बुडालेली असतात. तो डाग पाण्याने निघत नाही. त्याला सॉल्व्हंट लागतं, आणि त्यात छपाईची शाईही विरघळू शकते.

न चिकटवता जपायचा मार्ग 1939 मध्ये निघाला. कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या आर्थर ब्रोडीने जॅकेटवर घालायचं पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण बनवलं. त्याची ब्रोडार्ट कंपनी पुढे ग्रंथालयांना तेच पुरवू लागली. तेव्हाची प्लॅस्टिकंही कालांतराने पिवळी पडत, आकसत. 1950च्या दशकात ड्यूपाँची मायलार ही पॉलिएस्टरची फिल्म आली, तेव्हा कुठे ही अडचण सुटली. पॉलिएस्टरला मऊ करायला वेगळं रसायन लागत नाही, त्यामुळे शाईला लागण्यासारखं त्यातून काही सुटत नाही. जॅकेट फिल्मवर पालथं ठेवायचं, वरखालच्या कडा दुमडायच्या, दोन्ही टोकं पुठ्ठ्याच्या आत खोवायची. जॅकेटला कुठेही गोंद लागत नाही.

आपल्या बाजारात सर्रास मिळतं ते पीव्हीसी नावाचं प्लॅस्टिक. नव्या रेनकोटसारखा वास आला की तेच समजावं. त्यातलं मऊ करणारं रसायन सुटतं आणि पाच-दहा उन्हाळ्यांत कव्हराची शाई प्लॅस्टिकवर उमटते. पॉलिथिनच्या पिशवीचं तसं नाही, ती धूळ आणि हात दोन्ही दूर ठेवते. फक्त पावसाळ्यात तोंड बंद करून ठेवली तर आत दमट हवा कोंडते आणि कव्हरावर बुरशीचे ठिपके येतात, म्हणून जून ते सप्टेंबर एक बाजू उघडी ठेवावी. विक्रेत्याने लॅमिनेशनवर, म्हणजे कव्हरावर चिकटवलेल्या चकचकीत फिल्मवर, किमतीचं लेबल डकवलं असेल तर घरी येऊन ते ओढू नये. फिल्मसकट रंग निघतो. लेबल आहे तसंच राहू द्यावं.