एमा राडुकानू : प्रशिक्षक टिकत का नाहीत?

ब्रिटनची टेनिसपटू एमा राडुकानूच्या नव्या प्रशिक्षकाची बातमी आली की ‘आता हा किती दिवस?’ हा प्रश्न ठरलेला. त्याचं मूळ सप्टेंबर 2021 मध्ये आहे.

जन्म टोरांटोचा, वडील बुखारेस्टचे, आई चीनमधल्या शेनयांगची. ती दोन वर्षांची असताना घर लंडनला हललं. आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं, पण डिसेंबर 2019 मध्ये तिने पुण्यातली 25 हजार डॉलरची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा जिंकली होती. मग कोविड, शाळेची शेवटची परीक्षा आणि थेट 2021 चं विम्बल्डन: क्रमवारीत 338 वी, वाइल्ड कार्ड (आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश), चौथी फेरी, तिथे श्वासाच्या त्रासाने सामना अर्धवट.

त्यानंतर तिने प्रशिक्षक बदलला. अमेरिकन ओपनला सोबत होता तो तिला लहानपणापासून ओळखणारा. पात्रता फेरीपासून 10 सामने, एकही सेट न गमावता. अंतिम सामन्यात 5-3 अशी पुढे असताना घसरून गुडघा फुटला. रक्त आल्यामुळे खेळ थांबवून पट्टी लावावी लागली. ब्रेक पॉइंट (राडुकानूच्या सर्व्हिसचा गेम जिंकायला हवा असलेला एक गुण) हाताशी असलेली प्रतिस्पर्धी यावर भडकलीच. राडुकानूने तो पॉइंट वाचवला आणि एसने, म्हणजे प्रतिस्पर्धीच्या रॅकेटला न लागलेल्या सर्व्हिसने, सामना संपवून विजेतेपद मिळवलं.

आणि दोन आठवड्यांच्या आत या प्रशिक्षकालाही निरोप! करार त्या दौऱ्यापुरताच होता, असं सांगण्यात आलं. डब्ल्यूटीए, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टेनिसच्या सर्किटमध्ये मुरलेला माणूस हवा, हे तिचं कारण. ‘हकालपट्टी’ म्हणणाऱ्यांनी करार सोयीस्करपणे बाजूला ठेवला. अठरा वर्षांची मुलगी रातोरात वेगळ्या पातळीवर पोचते, तेव्हा अनुभवी माणूस शोधण्यात गैर काहीच नाही. गैर होतं ते दुसरा हाताशी नसताना पहिला सोडणं. अमेरिकेतल्या इंडियन वेल्स स्पर्धेत ती कायमस्वरूपी प्रशिक्षकाविनाच उतरली आणि पहिलाच सामना हरली.

पुढे एक जर्मन, मग एक रशियन, मग आणखी एक जर्मन. 2022 मध्ये अमेरिकन ओपनच्या पहिल्याच फेरीत हार, क्रमवारीत घसरण. मे 2023 मध्ये दोन्ही मनगटांवर आणि घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्या; यात प्रशिक्षकांचा काय दोष? पण मथळे त्यांच्याच नावाने. त्यानंतरचा ब्रिटिश प्रशिक्षक वर्षभर टिकला, प्रकृतीच्या कारणाने तोच बाजूला झाला. ऑगस्ट 2025 मध्ये एक नामांकित स्पॅनिश प्रशिक्षक आला आणि वर्षअखेरीस ती पुन्हा पहिल्या 30 त होती.