डीव्हीडीचा बॅकअप: डीइंटरलेस लावायचा की डीटेलिसिन?

डीव्हीडीवरचा व्हिडिओ एन्कोड करून, म्हणजे नव्याने दाबून त्याची फाइल करून, मोठ्या मॉनिटरवर लावला, की एखाद्याने मान वळवताच त्याच्या कडांना दातेरी रेघा फुटतात. अशा वेळी पहिला हात जातो तो क्वालिटीच्या आकड्याकडे, म्हणजे आरएफकडे (आकडा जितका कमी तितका दर्जा जास्त). आरएफ २२ चा २० होतो, २० चा १८. फाइल फुगते आणि रेघा तिथेच राहतात, उलट आणखी ठळक होतात. एन्कोडरला त्या रेघा म्हणजे चित्रातला बारीक तपशील वाटतो, आणि आकडा खाली आणून आपण त्याला तोच तपशील जपायला सांगितलेलं असतं.

रेघांचा निकाल फिल्टरमध्येच लागतो. हँडब्रेक या एन्कोड करायच्या प्रोग्रॅममध्ये फिल्टरच्या टॅबवर डीटेलिसिन आणि डीइंटरलेस जवळजवळच असतात. आपापल्या जागी रेघा दोन्ही घालवतात, त्यामुळे बरेच जण जो आधी दिसेल तो चालू करून मोकळे होतात. पण डीइंटरलेस नसलेल्या ओळी अंदाजाने भरतो, तर डीटेलिसिन डिस्कवर असलेलंच चित्र पुन्हा जुळवतो. ज्या डिस्कवर मूळ चित्र शाबूत आहे तिथे अंदाजाचं काम करून घेणं म्हणजे हातचं सोडणं.

इंटरलेस्ड चित्रीकरण म्हणजे जुन्या पद्धतीच्या व्हिडिओ कॅमेऱ्याचं: सामने, रंगमंचावरचे कार्यक्रम, स्टुडिओतल्या मालिका, घरचा कॅमकॉर्डर. हा कॅमेरा एका क्षणी अख्खी फ्रेम टिपत नाही. आधी एकाआड एक ओळी टिपतो आणि उरलेल्या ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने (पाल, भारत-युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) किंवा साधारण साठाव्या भागाने (एनटीएससी, अमेरिका-जपानमधली) नंतर. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. दोन फील्ड मिळून एक फ्रेम होते, पण ती दोन वेगळ्या क्षणांची असतात, म्हणून धावणारा खेळाडू एकाच फ्रेममध्ये दोन जागी दिसतो. इथे पूर्ण चित्र कधी नव्हतंच, तेव्हा ते परत मिळवण्याचा प्रश्नच येत नाही. यादिफ किंवा बीडब्ल्यूडिफसारखा फिल्टर वरखालच्या ओळी आणि मागचापुढचा क्षण पाहून गाळलेल्या जागा भरतो. यातच बॉब हा पर्याय असतो. तो प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम करतो, म्हणजे पालमध्ये सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम. फाइल मोठी होते, पण सामना किंवा नृत्य असेल तर मी बॉबच लावेन. हालचालीतला सगळा ओघ त्या दुसऱ्या फील्डमध्ये असतो, आणि नेहमीच्या डीइंटरलेसमध्ये नेमका तोच जातो.

टेलिसिनची, म्हणजे सिनेमा टीव्हीच्या फ्रेमसंख्येत बसवण्याची, गोष्ट निराळी. सिनेमा सेकंदाला २४ पूर्ण फ्रेमचा, एनटीएससी २९.९७ चं. सांधा जुळवायला सिनेमा आधी ०.१ टक्का संथ करून २३.९७६ वर आणतात. मग पहिल्या फ्रेमची दोन फील्ड घेतात, दुसरीची तीन, तिसरीची दोन, चौथीची तीन. चार फ्रेमची दहा फील्ड झाली, म्हणजेच व्हिडिओच्या पाच फ्रेम. या पाचांपैकी तीन स्वच्छ असतात आणि दोनमध्ये शेजारच्या दोन चित्रांची सरमिसळ होते. सिनेमातलं काहीच हरवलेलं नसतं, फक्त काही फील्ड दोनदा येतात. डीटेलिसिन जोडीची फील्ड शोधून एकत्र आणतो आणि जास्तीची पाचवी फ्रेम टाकून देतो. अंदाज कुठेच नाही.

आता अदलाबदल झाली तर? टेलिसिन केलेल्या सिनेमावर डीइंटरलेस लावला, तर सरमिसळीच्या फ्रेममध्ये ४८० पैकी निम्म्या ओळी बनावट येतात. जास्तीची फ्रेमही तशीच राहते, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळत सरकतं, आणि एन्कोडरच्या गळ्यात सव्वापट फ्रेम पडतात. याउलट खऱ्या इंटरलेस्ड व्हिडिओला फील्ड जुळवून दर पाचातली एक फ्रेम टाकायला लावलं, तर रेघा जात नाहीत आणि अस्सल फ्रेम मात्र जातात. हा दुसरा प्रकार बघायला जास्त त्रासदायक आहे.

ओळखायचं कसं? डोळ्यांनी. प्लेअरचा स्वतःचा डीइंटरलेस आधी बंद करा, नाहीतर तो रेघा लपवतो आणि सगळं छान दिसतं. कॅमेरा सावकाश आडवा फिरतोय असा प्रसंग शोधा आणि एकेक फ्रेम पुढे सरका. व्हीएलसीमध्ये त्यासाठी ‘ई’ची कळ आहे. तीन स्वच्छ, दोन दातेरी, पुन्हा तीन स्वच्छ, दोन दातेरी अशी लय दिसली की टेलिसिन. हलणारी प्रत्येक फ्रेम दातेरी असेल तर बहुतेक इंटरलेस्ड. फाइलच्या माहितीत ‘इंटरलेस्ड’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. पूर्ण फ्रेमचा सिनेमाही इंटरलेस्ड म्हणून नोंदवलेला सर्रास सापडतो.

‘बहुतेक’ म्हटलं ते पालमुळे. पालच्या डिस्कवर सिनेमा सहसा २४ चा २५ करून, म्हणजे चार टक्के वेगाने पळवून घेतलेला असतो. फ्रेम पूर्ण असतात आणि एकही फिल्टर लागत नाही. मात्र काही डिस्कवर सगळी फील्ड एका घराने सरकलेली असतात आणि प्रत्येक फ्रेम दातेरी दिसते. तिथेही डीइंटरलेस नको. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या प्रोग्रॅमचा फील्डमॅच (जोडीची फील्ड जुळवणारा) फिल्टर नुसता लावला की चित्र जुळतं, फ्रेम टाकणारा डेसिमेट जोडायचा नाही. एनटीएससी टेलिसिनला मात्र दोन्ही हवेत, आधी फील्डमॅच, मग डेसिमेट.

एनटीएससी सिनेमाच्या कितीतरी डिस्कवर तर टेलिसिन प्रत्यक्षात केलेलंच नसतं. आत २३.९७६ च्या पूर्ण फ्रेम असतात आणि सोबत ‘हे फील्ड दोनदा दाखव’ अशी खूण. ती खूण मानायची नाही, एवढंच एन्कोड करताना पाहायचं. काहीच लावू नका.

हँडब्रेकमध्ये डीटेलिसिन चालू असताना फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) ‘व्हेरिएबल’, म्हणजे बदलता, ठेवा. २९.९७ कॉन्स्टंट ठरवला, तर टाकलेल्या फ्रेमच्या जागी पुन्हा दुहेरी फ्रेम भरल्या जातात आणि केलेलं काम वाया. एफएफएमपेगमध्ये क्रम आपल्या हातात असतो, म्हणून फील्डचे फिल्टर सर्वांत आधी लिहा. आकार बदलणं किंवा नॉइज काढणं आधी झालं, की दोन फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात, आणि मग त्या वेगळ्या करणं कुणालाच जमत नाही.

आरएफचा विचार यानंतर. एक्स२६४ या एन्कोडरला डीव्हीडीच्या आकाराच्या चित्रासाठी १८ ते २२ मध्ये कुठेही चालतं. मी २० वरून सुरुवात करतो, आणि फिल्मचा दाणा भरपूर असेल तर ग्रेन ट्यून (दाणा जपणारी सेटिंग) लावून फाइल मोठी होऊ देतो. आकडा साधारण ६ ने खाली आणला की फाइल दुप्पट होते, हे १६ वगैरे लावायच्या आधी लक्षात असू द्या. डीव्हीडीचा मूळ एमपेग-२ व्हिडिओच सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिटचा असतो. त्याच्याही पुढे एन्कोडची फाइल गेली, तर मूळ व्हिडिओच पुन्हा न दाबता एमकेव्ही फाइलमध्ये भरून ठेवलेला बरा.