इंजिन ऑइलची ग्रेड

मोटारगाडीच्या इंजिनातले वंगणतेल थंडीत आणि तापल्यावर किती दाट राहते, हे सांगणारी डब्यावरची खूण म्हणजे त्याची ग्रेड. उदाहरणार्थ, ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४०. ही प्रतवारी अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये सुरू केली. आज ती ‘जे३००’ या मानकानुसार ठरते.

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला, पण तो तापमानाचा आकडा नव्हे. थंड इंजिन फिरवताना तेल किती अडवते याची चाचणी ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंश सेल्सिअसला, १५डब्ल्यूसाठी उणे २० ला आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ ला होते. निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात तेव्हाही पारा एवढा उतरत नाही, त्यामुळे महाराष्ट्रात २०डब्ल्यूच्या तेलानेही गाडी अडत नाही. हिवाळ्यात लेह-द्रासकडे गाडी नेणाऱ्याची गोष्ट वेगळी. मात्र लहान आकड्याचे तेल सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिनाच्या वरच्या भागातल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर चढते, हा फायदा आपल्याकडेही मिळतो.

दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. २० ग्रेडसाठी तो ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक), ३० साठी ९.३ ते १२.५ आणि ४० साठी १२.५ ते १६.३ असावा लागतो. म्हणजे २०डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० ही तेले तापल्यावर एकाच पट्ट्यात येतात. ‘आपल्याकडे ऊन फार, दाट ऑइल टाका’ हा गॅरेजमधला सल्ला इथेच लंगडा पडतो. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर कूलंटचे तापमान ठरावीक पट्ट्यात राखतात; बाहेर २५ अंश असोत वा ४२, रोजच्या वापरात तेलाच्या तापमानात तेवढा फरक पडत नाही. घाटात भरलेली गाडी चढवणे किंवा तासन्‌तास वेगाने पळवणे, याने तेल जास्त तापते.

जुन्या अॅम्बॅसेडर-पद्मिनीच्या जमान्यात २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० ही तेले सर्रास चालत. आता अनेक पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ लागते. पातळ तेल ढवळायला कमी ताकद लागते, म्हणून थोडे इंधन वाचते. शिवाय अनेक नव्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावरच चालतात. तेलपंप आणि बेअरिंगच्या फटी ठरावीक दाटपणा धरून आखलेल्या असतात. अशा इंजिनात ‘इंजिन सेफ राहील’ म्हणून दाट तेल ओतणे ही काळजी नव्हे, प्रयोग आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये एकाहून अधिक ग्रेड दिल्या असतील, तर त्यांतली एक वापरानुसार निवडावी.

ग्रेड जुळली तरी काम संपत नाही. तेलाची गुणवत्ता ‘एपीआय’ (अमेरिकेतील पेट्रोलियम संस्था) किंवा ‘एसीईए’ (युरोपातील वाहन उत्पादकांची संघटना) यांच्या खुणेवरून कळते. पेट्रोल इंजिनांसाठी २०२० मध्ये आलेल्या ‘एपीआय एसपी’ श्रेणीत टर्बो इंजिनांतल्या अवेळी ज्वलनाविरुद्धची चाचणी आहे. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीत तर ही खूण आकड्याइतकीच महत्त्वाची: जास्त राख सोडणारे तेल, ग्रेड बरोबर असूनही, फिल्टर हळूहळू तुंबवते. राख जाळून टाकता येत नाही. अशा गाडीसाठी बहुधा एसीईएच्या ‘सी’ गटातले तेल सांगितलेले असते. उलट, ‘सिंथेटिक’ हा शब्द ग्रेड सांगत नाही. ०डब्ल्यूची तेले मात्र सहसा सिंथेटिकच असतात.

झिजलेले, तेल खाणारे इंजिन असेल, तर मॅन्युअलमध्ये चालणारी जास्त दाट ग्रेड घातल्यावर तेलाचा खप थोडा कमी होऊ शकतो. पिस्टनच्या रिंगा मात्र तेलाने दुरुस्त होत नाहीत.