पार्श्वभूमी: पन्नास वर्षांची रेघ आणि कोकणातली जुनी झाडं

झाडाचं वय किती, हा प्रश्न कोकणात सरकारदरबारी फार उशिरा आला. देवराईतल्या, काही गावांत म्हणतात तसं देवरहाटीतल्या, झाडाला हात लावायचा तर ग्रामदेवतेला कौल लावायचा. उजवा, म्हणजे होकाराचा, मिळाला तरच कुऱ्हाड. १९४९ च्या कायद्याने खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांचं वतन, गेली, १९६४ मध्ये वृक्षतोडीचा कायदा आला. त्यात विचारणा झाडाच्या जातीची: आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर. वयाचा रकाना नव्हता.

तो आला २०२१ मध्ये, शहरी भागांसाठीच्या १९७५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’, आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. हेतू चांगला, पण सगळा भार वयाच्या अंदाजावर पडला.

अंदाज असा काढतात. जमिनीपासून १.३७ मीटरवर बुंध्याचा घेर मोजायचा. उतारावर चढाच्या बाजूने. घेर ३१४ सेंमी भरला तर व्यास १०० सेंमी. व्यास वर्षाला १ सेंमी वाढतो असं धरलं तर वय १००, अर्धा सेंमी धरलं तर २००. टेप तीच, झाड तेच, रोपं मात्र शंभराने कमी किंवा जास्त. ज्याला झाड नको आहे तो कोणता दर धरेल, हे सांगायला नको.

शिवाय रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष झपाट्याने फुगतो, तर त्याच्याच वयाची बकुळ त्याच्यापुढे काठीसारखी दिसते. घेरावरून वय काढलं की सावकाश वाढणाऱ्या झाडांवर अन्याय ठरलेला.

खोडातली वलयं मोजावीत, तर सागात ती स्पष्ट उमटतात. आंबा-फणसासारख्या सदाहरित झाडांत धूसर असतात, एका वर्षात दोनही पडू शकतात. जुन्या झाडाला ढोली पडली की सर्वांत जुना गाभाच नाहीसा. वडाच्या पारंब्या खोडाला चिकटून घेर भलताच वाढतो. किनाऱ्यावर वसईसारख्या ठिकाणी दिसणारी आफ्रिकेतली गोरखचिंच तर आणखी फसवी: अनेक खोडं एकजीव होतात आणि बुंध्यात पाणी साठत असल्याने दुष्काळात घेर चक्क घटतो. आफ्रिकेतल्या काही गोरखचिंचा हजार वर्षांहून जुन्या निघाल्या, त्या ढोलीतल्या नमुन्यांच्या कार्बन-चाचणीवरून.

भरवशाचा मार्ग एकच, आणि तो वेळखाऊ. बुंध्यावर रंगाची खूण करून दरवर्षी एप्रिलमध्ये तिथेच घेर मोजायचा. पावसाळ्यात साल पाणी पिऊन फुगते. व्यास वर्षाला अर्धा सेंमी वाढला तर घेर वाढतो जेमतेम १.६ सेंमी. टेप जराशी तिरकी धरली किंवा खाली शेवाळ, वेल राहिला की तेवढी चूक सहज होते. म्हणून एका वर्षाचा फरक बिनकामाचा. दहा वर्षांनी १६ सेंमी दिसले तर त्या झाडाचा आजचा वेग कळला म्हणायचं, तारुण्यातला नव्हे. तोडीच्या अर्जावर इतकी वर्षं कोण थांबणार?

यात सर्वाधिक बिघडवतो तो पार. सिमेंटचा नवा चौथरा बांधताना बुंधा दोन फूट बुजला की १.३७ मीटरची जागाच वर सरकते आणि घेर कमी भरतो. शिवाय मुळांना हवा न मिळाल्याने झाडही खंगतं. आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात गेलेले वड-आंबे बहुतेक ग्रामपंचायतींच्या हद्दीतले. शहरी कायद्यातली पन्नास वर्षांची रेघ तिथे लागूच नव्हती.