गोल्फ कार्टची बॅटरी : लीड-ॲसिड घ्यावी का लिथियम

गोल्फ कार्ट म्हणजे दोन ते आठ जण बसतील अशी, कमी वेगाची, बॅटरीवर चालणारी उघडी गाडी. विदर्भातल्या गावाकडच्या भागात गोल्फ कोणी खेळत नाही, पण ही गाडी दिसते, ताडोबाच्या मोहर्ली-कोलारा बाजूच्या रिसॉर्टात बॅगा आणि पाहुणे न्यायला, कृषी पर्यटनाच्या शेतावर, एखाद्या मोठ्या लॉनवर लग्नात म्हाताऱ्या माणसांना गेटपासून मांडवापर्यंत सोडायला. सगळे तिला बॅटरी गाडीच म्हणतात. गाडीत बिघडण्यासारखं फार काही नसतं, खर्चाची खरी गोष्ट सीटखाली असते, आणि तीन-चार वर्षांनी बॅटरी बसली की मालकापुढे प्रश्न येतो की परत लीड-ॲसिडच टाकायची का आता लिथियम करून टाकायचं.

लीड-ॲसिड ही जुनी जात, १८५९ साली फ्रान्सच्या गॅस्टन प्लांटेनं बनवलेली, शिशाच्या प्लेटा आणि गंधकाचं पातळ ॲसिड, एका सेलला २ व्होल्ट. ४८ व्होल्टच्या कार्टमध्ये ८ व्होल्टच्या सहा किंवा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडतात, ई-रिक्षातही हेच १२च्या चारांचं गणित असतं म्हणून तालुक्याच्या बॅटरीवाल्याला त्यात नवीन काही नाही. लिथियम-आयन बाजारात आली १९९१ला, पण कार्टमध्ये जी टाकतात ती बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी म्हणतात ती, सेल ३.२ व्होल्टचा, असे १६ सेल जोडले की ५१.२ व्होल्ट होतात आणि त्यालाच दुकानात ४८ व्होल्टचा पॅक म्हणतात.

दुकानात लोक आह अर्थात अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो तो आकडा, पाहून तुलना करतात आणि तिथंच गणित चुकतं. १५० आहचा लीडचा संच म्हणजे कागदावर ७.२ युनिट वीज, पण लीडची बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हातात राहिले साडेतीनच्या आसपास. शिवाय ते १५० आह सहसा वीस तासांत हळूहळू काढायच्या हिशोबानं लिहिलेले असतात, म्हणजे साडेसात अँपिअरनं, आणि माणसं भरलेली कार्ट चढाला लागली की त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, मग तेवढेही मिळत नाहीत. १०० आहचा लिथियम पॅक ५.१ युनिटचा, त्यातले ८० टक्के बिनधास्त वापरता येतात, म्हणजे ४ युनिट. म्हणून १५०च्या जागी १०० चालतो, आणि वजनही लीडच्या संचाचं दीडशे किलोच्या वर तर याचं पन्नासच्या आसपास. सपाट रिसॉर्टात वजनाचा फरक फार जाणवत नाही, चिखलदऱ्यासारख्या चढाच्या ठिकाणी मात्र लगेच कळतो. लीडवर संध्याकाळच्या फेरीला गाडी मंदावते तसं लिथियमवर होत नाही, शेवटपर्यंत पिकअप तोच राहतो आणि मग एकदम बंद पडते. बॅटरीचा काटाही लीडच्या व्होल्टेजवर बसवलेला असतो, लिथियम टाकल्यावर तो खोटं दाखवतो, टक्के दाखवणारा वेगळा मीटर लावून घ्यावा लागतो.

आपल्याकडे खरा निकाल लावतात ते ऊन आणि वीज. लीडची बॅटरी २५ अंशांच्या हिशोबानं बनलेली, त्यावर दर ८-१० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं असं धरतात, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५च्या वर जातो, पत्र्याच्या शेडखाली सीटच्या आत तर त्याहून जास्त. त्यात पाणी. चार्जिंग होताना पाण्याचा हायड्रोजन-ऑक्सिजन होऊन उडतो, उन्हाळ्यात आणखी भर, आणि पाणी पाहणारा माणूस म्हणजे तोच ज्याच्याकडे बगिचा, पंप आणि जनरेटरही असतो. सीट उचलून झाकणं काढली की कळतं गाडी कोणाच्या हातात आहे ते : टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी खपली आणि आत प्लेटांची टोकं उघडी पडलेली असली तर बॅटरीचे दिवस भरलेत. डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं, बोअरचं तर नाहीच, आरओचंही नाही कारण क्षार त्यातही राहतात, आणि टाकायचं चार्ज झाल्यावर, आधी टाकलं तर पातळी चढून ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या असतील तेव्हा मात्र त्या बुडतील इतकंच आधी टाकावं. खपलीला खायच्या सोड्याचं पाणी, मग कोरडं करून व्हॅसलीन. चार्जिंगची खोली बंद नको, तिथं बिडी तर अजिबात नको, हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी भडका उडतो.

विजेचं तर त्याहून वाईट. लीडला पूर्ण चार्ज व्हायला ८-१० तास लागतात आणि शेवटचे वीस टक्के फार हळू भरतात, नेमकी तेव्हाच लाईट गेली, रोजच गेली, तर अर्धवट चार्जवर उभं राहून प्लेटांवर सल्फेट, म्हणजे शिसं आणि ॲसिडपासून होणारा पांढरा थर, घट्ट बसत जातं आणि ते मग निघत नाही. लिथियमला अर्धवट चार्जचं काही वाटत नाही, दुपारी तासभर लाईट आली तेवढ्यात लावा, सकाळी लावा, उलट रोज शंभर टक्के भरायची गरजच नाही. माझ्या मते गावाकडे लिथियम घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, सायकल, म्हणजे भरून उतरवायच्या फेऱ्या, किती मिळतात ते नंतरचं, जरी ते आकडेही तिच्याच बाजूनं आहेत (लीड नीट सांभाळली तर ५०० ते १०००, एलएफपी २००० आणि पुढे).

म्हणजे लिथियमला ऊन लागत नाही असं नाही. बऱ्याच एलएफपी सेलची चार्जिंगची मर्यादा ४५ अंश असते, त्यावर पॅकमधली बीएमएस, म्हणजे सेलांवर लक्ष ठेवणारं सर्किट, चार्जिंग बंद करते, मग मेच्या दुपारी चार्जर लावून लोक म्हणतात पॅक खराब निघाला. रात्री किंवा पहाटे लावायचा, एवढंच. थंडीत शून्याखाली चार्ज करायचं नसतं तो नियम आपल्याला लागू पडत नाही. आगीची भीती २०२२च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याच्या बातम्यांपासून मनात बसली आहे, पण एलएफपी ही लिथियममधली शांत जात, धोका कमी, शून्य नाही. जास्त भीती बाळगावी ती जुन्या सेलांतून जोडलेल्या बिनबिलाच्या स्वस्त पॅकची. बीएमएस किती अँपिअर सलग देते ते विचारावं, कार्टच्या कंट्रोलरपेक्षा, म्हणजे मोटरला करंट सोडणाऱ्या डब्यापेक्षा, कमी असेल तर माणसं भरून चढाला लागली की गाडी जागेवर बंद. आणि जुना लीडचा चार्जर लिथियमला कधीच लावू नये, चार्जर पॅकसोबतचाच.

कमी चालणाऱ्या गाडीला लीडच बरी असं दुकानदार हमखास सांगतात, ते अर्धंच खरं आहे. ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, रिसॉर्टही थंड पडतात आणि गाडी तीन महिने उभी राहते. उभी लीड बॅटरी आपोआप उतरते आणि उतरलेली पडून राहिली की सल्फेट, म्हणून पूर्ण चार्ज करून उभी करायची आणि महिन्याला एकदा परत चार्ज. लिथियम निम्म्या चार्जवर ठेवून मेन स्विच बंद केला की पावसाळा निघतो, पण तळाशी उतरवून ठेवली तर बीएमएस स्वतःच उरलेलं खाते आणि पॅक उठत नाही.

लीडच्या बाजूनं किंमत आहे (लिथियम सुरुवातीला दुप्पट किंवा जास्त पडतं), शिवाय संच नवा असताना एक बॅटरी गेली तर तालुक्यात दुसरी मिळते, हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) लावून कोणता सेल बसला ते तिथंच कळतं, तर लिथियमची बीएमएस गेली की पॅक नागपूरला किंवा कंपनीकडे पाठवा आणि तोवर गाडी उभी. म्हणून रोज चालणाऱ्या गाडीला लिथियम, आणि लग्नाच्या हंगामापुरती चालणारी, पाणी पाहणारा खात्रीचा माणूस असलेली गाडी असेल तर लीड, असा हिशोब बसतो. संच बदलायचा झाला तर सगळ्या बॅटऱ्या एकदम बदलाव्या, पाच जुन्या आणि एक नवी केली तर जुन्या नवीलाही ओढून नेतात.

जुन्या लीड बॅटरीला भंगारात चांगला भाव येतो, नवीच्या किमतीतून वजा होतो, लिथियमच्या जुन्या पॅकला गावात अजून कोणी विचारत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे दोन्ही प्रकार परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे जुनी बॅटरी बिल घेऊन दुकानातच द्यावी, फेरीवाल्याला नाही, कारण ॲसिड नाल्यात ओतून शिसं उघड्यावर वितळवतात आणि तो धूर लहान पोरांच्या मेंदूला बाधतो.