नागाच्या डोक्यात मणी असतो का?

"शंभर वर्षं जगलेल्या नागाच्या फण्यात मणी तयार होतो आणि रात्री त्याच्या उजेडात तो भक्ष्य शोधतो," असा मजकूर चमकत्या खड्याच्या व्हिडिओसह वर्षानुवर्षं फिरतो आहे. मणिधारी नाग पुराणकथांत आहेत, बृहत्संहिता या प्राचीन संस्कृत ग्रंथातही फण्यातल्या मोत्यांचं वर्णन येतं. त्यामुळे विश्वास बसणं अगदी स्वाभाविक आहे.

पण नाग शंभर वर्षं जगत नाही. फणा म्हणजे मानेजवळच्या लांब बरगड्यांनी ताणलेली कातडी. खडा राहील अशी पोकळी तिथे नसते. भक्ष्याचा माग तो मुख्यतः जिभेने वास टिपून काढतो. त्याला उजेड कशाला हवा?

पडताळायचं असेल तर कात पाहा. साप डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यासकट कात टाकतो. बांधावर नागाची अखंड कात सापडली, तर डोक्याचा भाग उजेडात धरा. खवले सलग दिसतील, कप्पा कुठेच नाही. व्हिडिओंमध्ये अनेकदा कातडीला चीर देऊन खडा आत सरकवलेला असतो. त्या मुक्या जिवाला किती यातना होत असतील! शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार विनापरवाना नाग पकडणं हा गुन्हा आहे.